सातबाऱ्यापासून सुरू झालेली उजळणी

[दृश्य : तालुक्याच्या गावातील संगणक केंद्र, संध्याकाळची वेळ.]

एमएस-सीआयटीची परीक्षा दोन दिवसांवर आली आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीच्या अटीमुळे गावोगाव पोहोचला, म्हणूनच नुकतीच बारावी झालेली मुलगी आणि चाळिशी ओलांडलेल्या अंगणवाडीताई येथे एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. दोघींपुढे प्रश्नसंच आहेत आणि बरोबर पर्यायांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मात्र पर्याय पाठ केल्याने माहिती शोधता येत नाही, हे ओळखून शिक्षिका प्रश्नसंच मिटायला लावतात आणि एकच काम देतात : ताईंच्या शेताचा सातबारा शोधायचा, तो अस्सल असल्याची खात्री करायची आणि पीककर्जाच्या अर्जासोबत पाठवावा तसा ई-मेलने पाठवायचा.

ताई नुसते ‘सातबारा’ टाइप करतात, तेव्हा जाहिराती आणि खासगी संकेतस्थळांची रांगच समोर येते. मुलगी त्याच शब्दापुढे ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि त्याला चिकटून ‘जीओव्ही डॉट इन’ लिहिते, आणि यादीत केवळ शासकीय पाने उरतात. अपूर्णविरामानंतर रिकामी जागा सोडली तर ही युक्ती साधत नाही.

[दृश्य : पडद्यावरील पत्त्याची पट्टी, जवळून.]

येथे थोडे थांबायला हवे. ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता डावीकडून वाचण्याची आपली सवय असते, आणि फसवणूक करणारा नेमका तिचाच फायदा घेतो; तो ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे पत्त्याच्या सुरुवातीला पेरतो आणि शेवट स्वतःच्या नावाने करतो. म्हणून पत्त्यातील पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी आणि तेथून मागे, डावीकडे वाचत यावे. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची हमी ते देत नाही. या एका सवयीसाठी उजळणीचा अर्धा तास गेला, तरी तो सत्कारणी लागला असे आम्ही मानतो.

विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो; कायदेशीर कामासाठी पंधरा रुपये भरून मिळणारा, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो आणि ताई तो सवयीने मोठ्याने वाचू लागतात. तिसऱ्याच अंकाला शिक्षिका त्यांना थांबवतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील, विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ उडवणारी दोन कलमे त्या याच क्षणी समजावून देतात : दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरली तर ६६-सी, आणि संगणक किंवा फोनच्या साहाय्याने दुसरीच व्यक्ती असल्याचे भासवून फसवले तर ६६-डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे असते.

आता पाठवण्याचे काम. सरावापुरता ई-मेल केंद्राच्याच पत्त्यावर जाणार आहे. ताईंनी विषयाच्या ओळीत फक्त ‘सातबारा’ लिहिले होते. मुलीच्या सूचनेवरून तेथे ‘पीककर्ज अर्ज : सातबारा उतारा जोडला आहे’ अशी ओळ येते, कारण दिवसभर असेच ई-मेल उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला विषयावरूनच काम कळले पाहिजे. प्रत कोणाला द्यायची आणि कोणाचा पत्ता इतरांपासून झाकायचा, म्हणजे सीसी आणि बीसीसी यांतला फरक, ताई स्वतःला एक प्रत पाठवून पाहतात.

ई-मेल जातो. ताई ‘पाठवलेले’ हा कप्पा उघडतात, तर मजकूर आहे, उतारा मात्र जोडलेलाच नाही. त्या काही न बोलता नवा ई-मेल लिहायला घेतात, या वेळी सर्वांत आधी फाइल जोडतात, पाठवल्यावर ती उघडून आपला गट क्रमांक बोटाने पडद्यावर तपासतात, आणि मगच खुर्ची मागे सरकवतात.