जे दवाखान्यात येतच नाहीत

दवाखान्यात बसून केलेलं संशोधन दवाखान्यात आलेल्या माणसांचंच असतं. तुम्ही आता इंटर्नशिपला लागाल, केसपेपर भराल, त्यातून पुढे कुणी प्रबंध लिहील. म्हणून आज मी मुद्दाम न आलेल्या माणसांविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला गडचिरोलीत नेणार आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्यांचीच नाही, तर तक्रार नसलेल्यांचीही. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! हा निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अंगावरून जाणं, कंबर धरणं हे बाईनं मुकाट सोसायचं, अशीच रीत होती. सरकारी कार्यक्रमालाही तेव्हा गावातली बाई दिसायची ती बाळंतपणापुरती आणि कुटुंबनियोजनापुरती. तिच्या बाकीच्या दुखण्याची नोंद कुठे होणार?

नवजात बाळांचं तर याहून वाईट. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. ९५ टक्के बाळंतपणं घरीच झाली होती. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज पडली, पण डॉक्टरांपर्यंत पोचली फक्त २.६ टक्के. आता समजा, कुणी रुग्णालयाच्या रजिस्टरवरून नवजात बाळांच्या आजारांचा अभ्यास केला असता. त्याला शंभरातली दोन-तीन बाळं दिसली असती, आणि तेवढ्यावर त्यानं निष्कर्ष काढले असते.

बाळ येत नाही, तर उपचार बाळाकडे जाऊ शकतात का? हा प्रश्न गावातच सुचू शकतो. त्याच ३९ गावांत बेताचं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, दूध ओढणं कमी झालं का, बाळ मलूल पडलं का, हे पाहायचं. जंतुसंसर्ग दिसला आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. तुलनेला, जिथे ही सोय नव्हती अशी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये हे छापून आलं, आणि २०११ पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

एक साधन मात्र नीट सांगायला हवं. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, ते मोजावं लागतं. ज्या दाईला पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत, तिनं काय करायचं? तिच्यासाठी मण्यांची पाटी केली, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. अशी वस्तू तिच्या शेजारी बसल्याशिवाय सुचत नाही. गावात राहून केलेल्या संशोधनाचा मला दिसणारा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे.

आता अवघड भाग. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिथल्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, त्याच्या एकाच तपासणीनं त्या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. जगाला त्याचा उपयोग झाला. पण तुलनेच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना तपासणीविना ठेवलं होतं, आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. ज्या गावानं आपली माणसं अभ्यासाला दिली, त्या गावाला त्याचं फळ सगळ्यात आधी मिळायला हवं, आणि ते कसं मिळणार हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायला हवं.

तुमच्यापैकी जे कुणी असं काम करतील, त्यांना माझं एकच मागणं आहे. सरपंचांना जरूर भेटा, पण त्यांचा होकार म्हणजे बाईची संमती नव्हे. तिला एकटीला, तिच्या बोलीत समजावून सांगा. ती नको म्हणाली तरी तिच्या औषधपाण्यात फरक पडता कामा नये, आणि हे तिला आधीच माहीत असलं पाहिजे. मग निकाल हाती आले की निबंध इंग्रजी नियतकालिकाकडे धाडायच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि लोक जे प्रश्न विचारतील ते लिहून घ्या.