कंपवाताची ओपीडी आणि दमलेले डॉक्टर

[दृश्य : मेंदूविकार विभागाची ओपीडी. बाकांवर दाटीवाटीने बसलेले रुग्ण, मांडीवर जाडजूड फायली.]

निवेदन :

इथला रुग्ण बरा होऊन घरी जात नाही. कंपवात (पार्किन्सन्स) असो, एम.एस. (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) असो वा मोटर न्यूरॉनचा (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा) आजार, तो वर्षानुवर्षं येत राहतो आणि बरेचदा मागच्या खेपेपेक्षा खालावलेला असतो.

कंपवाताच्या एका फेरतपासणीत किती काम असतं, ते पाहा. लेवोडोपाची, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाची, शेवटची गोळी किती वाजता घेतली? असर किती तास टिकला? अंगठा आणि तर्जनी दहा वेळा भराभर एकमेकांवर आपटायला सांगायचं, चिमूट लहान होत जाते का ते बघायचं. हाताची घडी घालून खुर्चीतून उठवायचं, चालवायचं, वळवायचं. मागे उभं राहून खांदे झटकन ओढायचे आणि पडायच्या आत सावरायचं. रक्तदाब आडवं असताना आणि उभं केल्यावर मोजायचा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर पडण्याची भीती. मग बद्धकोष्ठता, झोपेतलं ओरडणं, भास. भासांबद्दल घरचे रुग्णासमोर बोलत नाहीत, त्यांना बाजूला घेऊन विचारावं लागतं.

[दृश्य : दाराबाहेरची रांग.]

रांग लांबली की यातलं निम्मं गळतं. गोळीची वेळ विचारायची राहते. "गोळी लागू पडत नाही" एवढं ऐकून डोस वाढवला जातो. प्रत्यक्षात दोन गोळ्यांमधलं अंतर जास्त असतं, किंवा प्रथिनांच्या जेवणासोबत घेतल्याने गोळी नीट शोषली जात नाही. वाढलेल्या डोसाने अंग आपोआप वळवळू लागतं आणि रुग्ण आणखी त्रासून परत येतो. कुठे चुकलं, ते डॉक्टरांना कळतं. पुढच्या रुग्णालाही तेवढाच वेळ मिळणार, हेही कळतं. कामाच्या तासांपेक्षा हे जास्त पोखरतं, असं आम्हाला वाटतं.

कामाने आतून पार थकून जाणं म्हणजे बर्नआउट. ते मोजण्यासाठी 1981 पासून वापरात असलेली मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांची 22 प्रश्नांची चाचणी तीन गोष्टी पाहते : मनाचा रितेपणा, रुग्णाविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. अमेरिकेत 2016 मध्ये झालेल्या पाहणीत दहापैकी सहा न्यूरॉलॉजिस्टमध्ये (मेंदूविकारतज्ज्ञांमध्ये) बर्नआउटचं किमान एक लक्षण आढळलं.

[दृश्य : रात्र. टेबलावर वाजणारा फोन.]

आणि दुसऱ्या वॉर्डांतून येणारे हे फोन. खुब्याचं हाड मोडून दुसऱ्या वॉर्डात दाखल झालेल्या कंपवाताच्या रुग्णाला गोळ्या वॉर्डाच्या वेळेने मिळतात, कधी बंदच होतात. अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, जिवावरही बेततं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं, तर आणखी बिघडतं. दाखल होतानाच केसपेपरवर लाल शाईने गोळ्यांच्या वेळा आणि टाळायची औषधं लिहिली, तर यातले कितीतरी फोन टळतील.

डॉक्टरांसाठी योगवर्ग ठेवायला हरकत नाही, पण त्याने रांग हटत नाही. ओपीडीची घडी बदलायला हवी. रुग्णाने घरून तीन दिवसांची नोंद आणायची : अर्ध्या अर्ध्या तासाला 'ऑन' (गोळीचा असर आहे), 'ऑफ' (असर उतरला) की वळवळ. डॉक्टरांपर्यंत जाण्याआधी परिचारिकेने ती तपासायची, रक्तदाब मोजायचा. व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नांसाठी विभागाचा वेगळा नंबर हवा, डॉक्टरांचा खासगी नव्हे. घरच्यांचे रोजचे प्रश्न पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात चांगले सुटतात. तिथला पत्ता पहिल्याच भेटीत द्यावा.

मोटर न्यूरॉनच्या रुग्णाशी श्वासयंत्र आणि अन्न देण्यासाठीच्या पोटातल्या नळीबद्दलचं बोलणं फुप्फुसांची क्षमता 50 टक्क्यांखाली जाण्याआधी व्हायला हवं. त्यासाठी ओपीडी संपल्यावरचा अर्धा तास राखून ठेवावा, फोन बंद ठेवावा आणि सोबत समुपदेशक असावा. दर वेळी हे बोलायला एकाच डॉक्टरला बसवू नये. विभागात आळीपाळीने पाळ्या लावाव्यात.