पायाला हात लावून बघा

कोकणात विंचू नवीन नाही, भाताचा पेंढा काढताना, लाकडं ओढताना, चपलेत पाय घालताना चावतोच. मोठी काळी इंगळी बघून माणूस घाबरतो, पण जीव घेतो तो छोटासा लाल विंचू.

1976 मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचं विष अंगात भिनलेले 40 टक्क्यांपर्यंत पेशंट दगावायचे. स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन सगळं देऊन व्हायचं, फरक शून्य.

मग हा डॉक्टर काय करतो, तर पेशंटच्या उशाशी बसून राहतो. रात्र रात्र. बीपी, नाडी, घाम, उलटी, सगळं तासातासाला लिहून ठेवतो. आणि हळूहळू नजर तयार होते. जो चावलेल्या जागी आग आग म्हणून ओरडतोय तो बहुतेक वेळा घरी जातो, पण जो घामाने भिजलाय, उलट्या करतोय आणि ज्याचे हातपाय बर्फासारखे गार पडलेत त्याला काही तासांत धाप लागणार, तोंडातून फेस येणार.

बरेच जण याला डॉक्टरचा हातगुण म्हणतील. मला ते पटत नाही, कारण पाय गार लागले की धोका आहे हे हाताला कळलं तरी का गार पडले हे डोक्यानेच शोधावं लागतं. विषामुळे अंगात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात ना? त्यासाठी प्राझोसिन, बीपीची साधी स्वस्त गोळी. पेशंटला आडवं ठेवून द्यायची कारण बीपी एकदम पडू शकतं, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी परत द्यायची.

1986 मध्ये हे 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मृत्यूचं प्रमाण एखाद टक्क्यावर आलं, खेड्यातल्या एका दवाखान्यातून!

आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते याच्या पुढचं. गोळी चालते हे सिद्ध झाल्यावरही ते थांबले नाहीत, प्रतिविषाचं, म्हणजे विष निकामी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन जोडीला दिलं तर अजून फायदा होतो का म्हणून महाडमध्येच 70 पेशंटवर रीतसर ट्रायल घेतली, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन आणि निम्म्यांना दोन्ही. 2011 मध्ये ती 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन्ही मिळालेले पेशंट लवकर सावरले होते.