श्वासाचा रकाना

पत्रिकेत विषय छापलाय ‘मेडिसिन वॉर्डातले नेहमीचे आजार: निदान आणि उपचार’. न्यूमोनिया, सेप्सिस, हार्ट फेल्युअर, सोडियम, सगळ्यावर येतो. आधी आपापल्या वॉर्डातली एखादी टीपीआर शीट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, डोळ्यांपुढे आणा. ताप वरखाली होतो, नाडी बदलते, बीपी बदलतं. श्वासाच्या रकान्यात काय असतं? बघा, मागच्या रांगेतून ‘अठरा’ असं उत्तर आलंसुद्धा. 18, 18, 20, 18. ज्याला 103 ताप आहे त्याचा 18, जो गाढ झोपलाय त्याचाही 18. आज सकाळच्या राउंडला ज्यांनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजला त्यांनी हात वर करा. तीन. पुढच्या वर्षी निम्मं सभागृह हवं मला.

हा राग जुना आहे, आणि तो आधी माझ्यावरच आहे. मी पहिल्या वर्षाचा रेसिडेंट होतो. रात्री विशीतला एक मुलगा आला. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय. पोट मऊ, छाती स्वच्छ, ऑक्सिजन 99. मी उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि श्वासाच्या जागी 18 लिहिलं. मोजला नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मला उठवायला आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, सात नंबरला धाप नाही असं लिहिलंय तुम्ही. मग त्याचं पांघरूण एवढं का हलतंय?”

मी जाऊन उभा राहिलो. पांघरूण खरोखरच हलत होतं, एका लयीत, पोटापासून गळ्यापर्यंत. मोजला तर मिनिटाला 34. ओठ कोरडे पडलेले. शुगर पाचशेच्या घरात, लघवीत कीटोन, एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच 7.08, रक्त आम्लाकडे झुकलेलं. त्याला डायबेटिस आहे हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. जर्मन डॉक्टर कुसमाउलने 1874 साली वर्णन केलेला तो खोल श्वास माझ्या समोर तीन तास चालू होता, आणि मी परीक्षेत त्यावर टीप लिहून पास झालो होतो!

त्या मुलाची फुप्फुसं ठणठणीत होती, म्हणून तर ती एवढी राबू शकत होती. रक्तात आम्ल साचलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून भरपाई करू बघतं. बोटाला लावलेलं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, हे सांगत नाही. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 साली त्या यंत्राची कल्पना मांडली, आणि भूल देताना तिने किती जीव वाचवले याला गणती नाही. पण ते यंत्र हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती आहे तेवढंच सांगतं. मास्क लावलेला रुग्ण 97 दाखवत दाखवत कार्बन डायऑक्साइडने गुंगीत जाऊ शकतो.

मोजायचा कसा? नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंत, तर एक श्वास चुकला की चारचा फरक पडतो.

दहाच मिनिटं उरली म्हणतायत, तेव्हा भरभर सांगतो. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवणाऱ्या कर्ब-65 या गुणपद्धतीत श्वास 30 किंवा वर गेला की एक गुण. सोबत गोंधळलेपणा, युरिया, बीपी आणि वय बघा. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या, क्यूसोफा या गुणपद्धतीत श्वासाची रेषा 22 वर आहे, पण गुण कमी आले म्हणून सेप्सिस नाही असं ठरवू नका. शॉक असेल तर कल्चर घ्या आणि तासाभरात अँटिबायोटिक द्या. छाती स्वच्छ, एक्स-रे साधा, तरी श्वास 28 असेल, तर फुप्फुसातली रक्ताची गुठळी आणि ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात साचलेलं आम्ल, दोन्ही मनात आणा. सीओपीडी या श्वासनलिकांच्या जुनाट आजारात ऑक्सिजन 88 ते 92 वर ठेवा. 100 करण्याचा हट्ट नको. हार्ट फेल्युअरमध्ये बसतं करा, लघवी वाढवणारं फ्रुसेमाइड शिरेतून द्या, आणि रोज सकाळी वजन, त्याच काट्यावर.

कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे त्या मुलाला झालं होतं त्यात, आधी सलाइन. पोटॅशियम 3.5 च्या खाली असेल तर ते भरून काढल्याशिवाय इन्सुलिन सुरू करू नका. शुगर 250 च्या खाली आली की डेक्स्ट्रोज जोडा. इन्सुलिन कीटोन जाईपर्यंत चालू राहतं. शुगर उतरली म्हणून इन्सुलिनचा पंप बंद केलेले रुग्ण मी परत आयसीयूत जाताना पाहिलेत.

सोडियम फार दिवस कमी असेल तर घाई करू नका. 24 तासांत 8 ते 10 मिलीमोलच्या वर चढवू नका. दारूचं व्यसन, कुपोषण, कमी पोटॅशियम असेल तर 8 च्या आतच. झटके येत असतील तर 3 टक्के सलाइन लगेच द्या, पण पूर्ण दिवसाची मर्यादा तीच.

पोटॅशियम वाढल्याचं सविस्तर राहिलं. ईसीजी काढा, बदल दिसले तर रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम ग्लुकोनेट द्या. बाकीचं जेवणाच्या सुट्टीत विचारा, मी इथेच आहे.