टाळ्या पडतात, आणि लिझावेता आत येते

नमस्कार मंडळी. दस्तयेवस्कीची १८६६ सालची रशियन कादंबरी ‘गुन्हा आणि शिक्षा’ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाट्यमंचावर न्यायची म्हटली, की पहिली शंका ठरलेली असते: वडसा-ब्रह्मपुरीकडच्या प्रेक्षकाला पीटर्सबर्गचं काय घेणंदेणं? आम्हाला भीती उलटी आहे. त्याला ही गोष्ट फार लवकर आपली वाटते, आणि रूपांतराचा घात तिथेच होतो.

पहिला प्रवेश बघा. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव बापाचं चांदीचं घड्याळ एका सावकारीण म्हातारीकडे गहाण ठेवायला नेतो. मागतो चार रूबल, म्हातारी देते दीड. व्याज रूबलमागे महिन्याला दहा कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल), तेही आगाऊ. दीड रूबलचे पंधरा कोपेक आणि आधीच्या दोन रूबलचे वीस कापून हातात उरतो एक रूबल पंधरा कोपेक. धानाच्या मुलखात हे गणित कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हा प्रवेश घाईत उरकू नका. नाणी एकेक करून वाजू द्या, कापलेले पैसे वेगळे ठेवताना दिसू द्या. मागच्या रांगेत सतरंजीवर बसलेला माणूसही मनात हिशेब करतो.

पण याच म्हातारीचा रास्कोल्निकोव पुढे खून करतो, आणि या हिशेबामुळे सगळा मांडव खुन्याच्या बाजूला जातो. कुऱ्हाड पडली की टाळ्या पडणार, शिट्ट्याही. त्यात प्रेक्षकाचं काही चुकत नाही. चूक होते ती दिग्दर्शकाची. तो त्या क्षणी अंधार करतो, ऑर्गन-तबला उसळवतो, आणि टाळीला जणू परवानगीच देतो. खरं तर तिथे उजेड तसाच ठेवायला हवा. संगीत बंद. कादंबरीत रास्कोल्निकोव म्हातारीला कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने मारतो. नंतर तिची सावत्र बहीण लिझावेता हातात भलंमोठं गाठोडं घेऊन खोलीत उभी दिसते, आणि तिच्यावर धार चालते. ती चेहरा वाचवायला धड हातही वर करत नाही. मांडवातली टाळी इथे विझली पाहिजे. नाही विझली तर उरलेलं नाटक व्यर्थ, कारण खून पहिल्या भागातच होतो आणि पुढचे पाच भाग शिक्षेचे आहेत.

त्यासाठी लिझावेता आधीच ओळखीची व्हायला हवी. मूळ कथेत ती बाजारात बोलताना त्याच्या कानावर पडते, आणि उद्या संध्याकाळी सातला म्हातारी घरी एकटी असणार हे त्याला तिथेच कळतं. तो प्रवेश सरळ आठवडी बाजारात घ्या. तिने त्याचा फाटका सदरा सांधून दिलेला असतो, हे कादंबरीत खुनानंतर मोलकरीण सांगते. मंचावर ते आधीच दाखवावं, निदान सदऱ्याचं ठिगळ तरी. त्याला कबुलीकडे नेणारी सोन्या ज्या पुस्तकातून लाझारसची, म्हणजे मेलेला माणूस पुन्हा उठल्याची, बायबलमधली कथा वाचते, तेही लिझावेतानेच आणून दिलेलं असतं. ही ओळ कापू नका.

रास्कोल्निकोवला पडणारं घोडीचं स्वप्न मात्र जपून हाताळा. गाडीत माणसं कोंबून मरतुकड्या घोडीला शेवटी लोखंडी पहारेने ठार करतात, आणि सात वर्षांचं पोर, म्हणजे स्वप्नातला तो स्वतः, तिच्या तोंडाला मिठी मारतं. पोळ्याला बैल पूजणाऱ्या गावात घोडीच्या जागी बैल आणला, तर बायामाणसं उठून निघून जातील इतका तो प्रवेश जड होतो. आमच्या मते जनावर दाखवूच नये. पोराच्या हातात तान्हा पोळ्याचा लाकडी बैल द्यावा, मारणाऱ्यांचा नुसता आवाज यावा.

नावांचा घोळही मोठा आहे. रोदिओन, रोद्या, रोदिओन रोमानोविच हा एकच माणूस, आपला रास्कोल्निकोव. टांगलेल्या माइकवर हे पोचत नाही. एका पात्राला एकच नाव ठेवा.

शेवटी कबुली द्यायला निघालेला रास्कोल्निकोव चौकात गुडघ्यावर बसून माती चुंबतो तेव्हा कादंबरीतली गर्दी हसते, त्याला दारुडा समजते. मांडवातही हशा पिकेल. पिकू द्या. नटाने घाबरून संवाद घालू नये. ‘मी मारलं’ हे शब्द मूळ कथेतही त्याच्या ओठांवरच अडतात. मग तो पोलीस कचेरीत जातो, कबुली न देताच परत बाहेर येतो. अंगणात सोन्या उभी असते. तिच्याकडे बघून तो पुन्हा वर जातो, आणि या खेपेस कबुली देतो. पडदा तिथेच.