बसी वूड्स: हायवेच्या कुशीतलं रान

सकाळचे साडेसहा, कॅमेरा सुरू. पार्किंगमध्ये आपल्याशिवाय दोनच गाड्या. हे शिकागोच्या वायव्येचं बसी वूड्स, ओहेर विमानतळ इथनं जवळच, त्यामुळे डोक्यावर विमानं असतातच आणि हायवेची घरघर तर कायमची. शांत जंगल म्हणून आलेला माणूस पहिली दहा मिनिटं जरा वैतागतोच, मग कान आपोआप ती घरघर मागे टाकतात आणि ओकच्या शेंड्यावर टकटक चाललेला सुतारपक्षी ऐकू यायला लागतो.

याला इथे पार्क नाही म्हणत, फॉरेस्ट प्रिझर्व्ह म्हणतात, म्हणजे राखून ठेवलेलं रान. आणि शहर वाढताना चुकून राहून गेलेला हा तुकडा नाहीये बरं का. ड्वाइट पर्किन्स हा आर्किटेक्ट, जेन्स जेन्सन हा बागा आखणारा, अशी काही मंडळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हात धुऊन मागे लागली होती की शहर इथवर पोचायच्या आत जमीन घेऊन ठेवा. १९१४ मध्ये लोकांनी मतदान करून होकार दिला, १९१६ ला पहिली जमीन घेतली, आणि आज कुक काउंटीत, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्यात, अशी जवळजवळ ७०,००० एकर जागा आहे. प्लॉट पाडले असते तर काय भाव आला असता याचा हिशोब न केलेलाच बरा! तिकीट वगैरे काही नाही, उजाडल्यापासून मावळेपर्यंत कुणीही या.

बहुतेक लोक येतात ते एल्क, म्हणजे एका मोठ्या जातीचं हरीण, बघायला. १९२५ पासून इथे कळप ठेवलाय, पण कुंपणात, त्यामुळे मला काही ते फारसं भावत नाही. तरी हा नर बघा. जुनी शिंगं गळून गेलीत, नवीन फुटतायत, त्यावर मखमलीसारखी लव आहे. सप्टेंबरात हाच शीळ घालतो, एवढं धिप्पाड जनावर आणि आवाज इतका बारीक की हसूच येतं.

खरी मजा तळ्याच्या कडेला. सायकलवाले निघून जाऊ देत, मग नुसतं उभं राहायचं. त्या आडव्या ओंडक्यावर कासवं मोजा, पाच, नाही सहा, शेवटचं अर्धं दुसऱ्याच्या पाठीवर चढलंय, मागचे पाय ताणून ऊन खात बसलंय, आणि आपण एक पाऊल टाकलं की सगळी डुबुक डुबुक पाण्यात. पलीकडे झाडीत हरणाची शेपटी वर झाली, पांढरी शुभ्र, म्हणजे त्याने आपल्याला मघाशीच पाहिलंय. परत जाताना मोजे तेवढे तपासा, गोचीड असतात.

आणि टोपी घाला. मे-जूनमध्ये हा काळा पक्षी, खांद्यावर लाल पट्टा असलेला, घरट्याजवळनं जाणाऱ्याच्या टाळक्यावर मागून झडप घालतो, साइज आपल्या साळुंकीएवढा पण रुबाब गरुडाचा. आत्ता कॅमेरा हलला ना, तो त्यानेच हलवला. बघा, बसलाय परत बोरूवर, मी नाही त्यातला असा चेहरा करून.