एका बाटलीत पाच बिऱ्हाडं

मघाशी चहाच्या वेळी पहिल्या रांगेतल्या आजींनी मला गाठलं. म्हणाल्या, "डॉक्टर, दीड महिन्याचं पोर ते. एका सुईत पाच-पाच औषधं टोचता, बाधत नाही का हो?" आता टिपणं ठेवतो बाजूला आणि आजींनाच उत्तर देतो.

ती सुई म्हणजे पेंटा. बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झालं की डाव्या मांडीत देतात ती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, अशा पाच आजारांची. पहिली तीन बिऱ्हाडं जुनी. त्रिगुणी म्हणून ती तुमच्या मुलांनाही टोचली आहेत. चौथी कावीळ. पाचव्याचं पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. नावात फ्लू असला तरी या जंतूचा फ्लूशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लूच्या रुग्णांमध्ये तो सापडला, म्हणून आळ त्याच्यावर आला आणि नाव कायमचं चिकटलं. त्याचे खरे उद्योग वेगळे: लहानग्यांचा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर.

आता बाधण्याचं. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. ही ओळख किती गोष्टींची, यावर भार मोजायचा. घटसर्पाच्या लशीत एक प्रथिन, धनुर्वाताच्या लशीत एक, काविळीच्या लशीत एक. हिबमध्ये जंतूच्या कवचावरची साखर आणि तिला जोडलेलं एक प्रथिन. डांग्या खोकल्याचा मात्र सरकारी लशीत अख्खा मारलेला जंतू असतो आणि त्याच्यात तीन हजारांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे आजी, जो काही भार आहे तो जवळजवळ सगळा तुमच्या लेकाला दिलेल्या त्रिगुणीतच होता. नातवाच्या वाट्याला वरून चिमूटभर आलं. आणि ते पोर जन्मल्या दिवसापासून तोंडात काय काय घालतं, ते मी कशाला सांगू!

पण 'पाच औषधं एकत्र केली' असं म्हणताना आपण ढवळायच्या चमच्याचा विचार करतो. तसं नसतं. चाळीत पाच बिऱ्हाडं ठेवायची म्हटलं तर कोणाचं कोणाशी पटतं हे आधी बघावं लागतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी सरकारी प्रयोगशाळेत कामाला होत्या. 1930 च्या दशकातली मंदी, पैशांची ओढाताण. दिवसाचं काम संपवून त्या संध्याकाळी डांग्या खोकल्याच्या पोरांच्या घरी जायच्या, बशीवर खोकायला लावून जंतूंचे नमुने घ्यायच्या. त्यातून त्यांनी डांग्या खोकल्याची भरवशाची लस तयार केली आणि 1940 च्या दशकात ती घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशींबरोबर एकत्रही करून दाखवली. गंमत अशी, की डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू शेजारी असला की घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशी जास्त चांगल्या लागू पडतात. शेजार मानवला!

पोलिओच्या इंजेक्शनचं तसं नाही. या त्रिगुणी लशीत ती खराब होऊ नये म्हणून थायोमर्सल घालतात आणि पोलिओची लस त्यानेच बिघडते. म्हणून सरकारी कार्यक्रमात पोलिओची सुई आजही वेगळी आहे, उजव्या दंडावर, कातडीत, 0.1 मिली. आया विचारतात, "एवढं सगळं एकात घातलं, मग हीच का राहिली?" तर ती राहिली नाही, तिला वेगळी खोली दिली आहे. खाजगीत सहा-एकात लशी मिळतात. त्यात पोलिओही असतो, पण त्यासाठी सगळी कृतीच नव्याने बसवावी लागली.

पेंटाचा हिशोब साधा आहे. त्रिगुणी, कावीळ आणि हिब वेगवेगळे दिले तर तीन भेटींत नऊ सुया. पेंटाने तीन. शिवाय हिब आपल्या सरकारी कार्यक्रमात आधी नव्हतंच. 2011 च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूत पेंटा सुरू झाली, पुढे देशभर पोचली आणि एकही सुई न वाढवता हिबची लस गरिबाच्या पोराला मिळाली. मला विचाराल तर या लशीचं खरं मोल इथे आहे. खाजगी दवाखान्यात ती आधीपासून होती, पण पैसे मोजून.

आता ताप. येतो. त्याच अख्ख्या जंतूमुळे येतो, मांडीला गाठही येते. तरुण आई-बाबा मग म्हणतात, "आम्ही पेनलेस देतो," म्हणजे खाजगीतली कमी दुखणारी लस. त्या पेनलेसचा जन्म कसा झाला ते ऐका. जपानमध्ये 1974 च्या सुमारास डांग्या खोकला जवळजवळ संपला होता. वर्षाला 393 रुग्ण, मृत्यू एकही नाही. मग लस टोचल्यानंतर दोन बालकं दगावल्याच्या बातम्या आल्या, लोक बिथरले, 1975 मध्ये लस काही काळ थांबवली गेली आणि नंतरही कमीच लोक घेऊ लागले. 1979 मध्ये सुमारे 13,000 रुग्ण आणि 41 मृत्यू. त्या धड्यातून जपानी संशोधकांनी जंतूतली मोजकीच प्रथिनं घेऊन सौम्य लस केली, ती 1981 पासून तिथे वापरात आली. ताप कमी, दुखणं कमी. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हे पुढच्या वर्षांत कळलं. परवडत असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर द्या. फक्त 'सरकारी म्हणजे हलकी' असं मनात आणू नका. एका रात्रीच्या तापाच्या बदल्यात ती जास्त टिकते.

आशाताईंना एक सांगणं. ताप येणार हे सुई टोचायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं की ते सारवासारव वाटतं, आणि ती आई दुसऱ्या डोसाला फिरकत नाही.

पेंटाचा शत्रू उन्हाळा, असं सगळ्यांना वाटतं. मला बर्फाची जास्त भीती वाटते. लशीत फिटकरीसारखे ॲल्युमिनियमचे कण असतात, त्यांना ती चिकटलेली असते. गोठली की कणांच्या गुठळ्या होतात. फाटलेलं दूध पुन्हा सांधत नाही, तशी ती लस परत लस होत नाही. म्हणून दोन ते आठ अंश, आणि लशीच्या डब्यात आइसपॅक घालण्याआधी आतला बर्फ थोडा वितळून त्याला घाम फुटेपर्यंत थांबायचं. आमच्या सिस्टर आइसपॅक कानाशी हलवून आत पाणी वाजतंय का बघायच्या. नवीन आलेले डॉक्टर हसायचे. पहिल्या महिन्यात मीही हसलो होतो.

आणि एक खिंड पेंटा लढवू शकत नाही. कावीळ ब आईकडून बाळाला प्रसूतीच्या वेळी लागू शकते, आणि तान्हेपणी लागली तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात ती ठाण मांडते. पेंटा दीड महिन्याआधी देत नाहीत. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून काविळीची एकटी सुई जन्मल्यापासून 24 तासांच्या आत. "पुढे पेंटात आहेच की," म्हणून ती सोडू नका.

मागून चिठ्ठी आली आहे: डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं का? नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. आमच्या केंद्रावर बीडकडची ऊसतोड कामगार बाई आली होती, कडेवर सात महिन्यांचं बाळ. पहिला डोस गावाकडे, दुसरा कारखान्यावरच्या तळावर, मग तळ हलला. कार्ड तिने रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलेलं. "सगळं परत टोचणार का?" म्हणून ती दारातच उभी. सिस्टरनी कार्ड उलगडलं, दोन तारखा वाचल्या आणि तिसऱ्या चौकोनात त्या दिवसाची तारीख घातली.